गाडीचं दावं

शनिवारी दुपारी पोस्टातून बाहेर पडलो की सोमवारी सकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्दही बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते एका सोमवारी. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. नुसता घसा खरखरला. साहेब म्हणाले, "सर्दी झाली वाटतं." मी मान हलवली. सर्दी कसली, दीड दिवस न वापरलेला गळा होता तो.

तेव्हा माझं वय चव्वेचाळीस. नागपुरात, सदरमध्ये पार्वतीबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे लोक मला सोडून एकमेकांना विचारतात, म्हणून मीही कुणाला सांगत बसत नाही. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एक ताट आणि एक कप. कप एकच, कारण दुसरा आणून त्यात चहा कुणाला देणार? काम जनरल पोस्टात, पत्रं वेगळी करण्याचं. गोंदिया, बालाघाट, चांदा, यवतमाळ. रोज हजारो पत्रं माझ्या हातून आपापल्या कप्प्यात पडायची. कुणाची मुलगी खुशाल पोचली, कुणाच्या भावाला नोकरी लागली, सगळं माझ्या हातावरून जायचं. आई गेल्यापासून माझ्या नावाचं एकही पत्र त्यात निघालं नव्हतं.

अशा वेळी माणसं रेडिओ घेतात किंवा पोपट पाळतात. मला दोघांचाही राग येतो. रेडिओ आपलं ऐकत नाही आणि पोपट आपलंच आपल्याला ऐकवतो. मला आवाज करणारं काहीतरी हवं होतं, पण जे मला त्या खोलीतून उचलून कुठेतरी नेईल असं. त्याच आठवड्यात पेट्रोल पंपाच्या खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'बुलेट विकणे आहे. घेणाऱ्याने स्वतः यावे. दलालाने येऊ नये. बाबाराव, हुडकेश्वर.' अक्षर मोठं आणि रागीट होतं. मला ते आवडलं. सत्याहत्तर सालच्या दसऱ्याला आठवडा होता.

रविवारी सायकल हाणत हुडकेश्वरला गेलो. तेव्हा ते गावच होतं. मानेवाड्याच्या पुढे डांबर संपायचं आणि दोन्ही बाजूंनी तुरी लागायच्या. बाबारावांचं घर कौलारू, अंगणात कडुलिंब आणि त्याच्याखाली पोत्यांनी झाकलेली गाडी. ते स्वतः ओट्यावर बसले होते. सत्तरीचे असावेत. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा, आणि चष्म्याची भिंगं इतकी जाड की आतले डोळे भलतेच मोठे दिसायचे. सरकारी गुरांच्या दवाखान्यात ते स्टॉकमन होते. सावनेर-कळमेश्वरकडच्या गावांत फिरून त्यांनी जन्मभर बैलांना सुया टोचल्या, त्यातली शेवटची वर्षं या बुलेटवर. आता मोतीबिंदूने नजर अधू झाली होती आणि गुडघ्यांनी किक मारणं सोडलं होतं.

मी गाडीवरचं पोतं उचलायला वाकलो तर म्हणाले, "थांब. आधी तुले पाहू दे."

म्हणजे बाजारात बैल बघतात तसं ते मला बघत होते. दात तेवढे मोजले नाहीत.

"चालवता येते?"

"शिकेन."

"पोट्टे किती?"

"नाहीत."

"बायको?"

"नाही."

"मंग मागच्या सीटवर कोण बसन?"

माझं डोकं फिरलं. मी गाडी घ्यायला आलो होतो, सोयरीक जमवायला नाही. "मागची सीट काढून ठेवा तुमच्याकडे," मी म्हणालो. "मला पुढची पुरे आहे."

म्हातारा खोकत खोकत हसला. "रागीट आहे. बरं आहे. रागीट माणूस गाडी पुसून ठेवते."

मग त्यांनी पोती काढली. काळी गाडी, टाकीवर सोनेरी रेघ, क्रोमवर एक डाग नाही. अधू नजरेच्या माणसाने एवढी स्वच्छ कशी ठेवली असेल, याचं मला नवल वाटलं. पुढे कळलं की ते हात फिरवून पुसायचे आणि खरखर लागली की तिथे पुन्हा पुसायचे.

गाडी सुरू करायची एक रीत होती. हेडलाइटच्या वर एक छोटं मीटर, त्यात एक काटा. डाव्या हाताखालची पट्टी दाबून किक हळूहळू खाली न्यायची, काटा मधोमध आला की थांबायचं, पट्टी सोडायची आणि मग एकच लाथ. "काटा मधात आला पाहिजेन," ते सांगत होते. "त्याच्या आधी लात मारशीन तर ते तुले मारन. माहा पाय एकदा असा सुजला होता का कौसल्येनं चार दिवस शेक देल्ला." कौसल्या म्हणजे त्यांची बायको, सात वर्षांपूर्वी गेलेली. मी अकरा लाथा मारल्या. बाराव्या लाथेला गाडी बोलली. सबंध अंगण हललं आणि कडुलिंबावरचे कावळे उडाले. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा आवाज माझ्यामुळे आजवर कधी झाला नव्हता.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा बाबारावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली हात घालून माझी बोटं धरली. गुरांच्या बाजारात असाच भाव करतात, तिसऱ्याला कळू नये म्हणून. अंगणात तिसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझी तीन बोटं दाबली, मग एक अर्धं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खूप वर्षांनी कुणीतरी माझा हात धरला होता आणि तो सुटू नये असं वाटत होतं. मी मान हलवली. काय कबूल केलं हे दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारावं लागलं.

दसऱ्याला गाडी न्यायला गेलो. त्यांनी हार घातला, हळदकुंकू लावलं, मी आपट्याची पानं दिली. मग ते अवजारं काढून एकेक माझ्या हातात देऊ लागले. हा चाकाचा पाना, हा साखळीचा, हा पेचकस. शेवटी एक बोटभर जाडीचा, नळीसारखा पाना उरला. तो त्यांनी दिला नाही. आत गेले आणि दाराच्या बाजूच्या खुंटीला अडकवला.

"तो कशाचा?"

"प्लगचा. हा नाही भेटत."

मी चक्रावलो. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारी बोटाएवढी वस्तू. तिची ठिणगी पडली तर गाडी चालते. जुनं इंजिन तेल खातं, प्लगवर काजळी धरते, ठिणगी विझते. मग तो खोलून साफ करावा लागतो, आणि खोलायला तोच पाना लागतो.

"बाबाराव, गाडी विकली की पाना पण विकला."

"बैल विकला तर दावं देते का कोणी? घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. दावं गेलं का घरची बरकत जाते." त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे चार जुनी दावी लटकत होती, काळी पडलेली, गाठी झिजलेल्या. त्यांच्या बापाने आणि त्यांनी विकलेल्या बैलांची. चार दाव्यांच्या शेजारी पाचवा हा पाना.

"हे काय जनावर आहे?"

"बसून पाह्य, मंग सांग," ते म्हणाले. "आन् खोकाले लागली का इकडे आणजो. बंद पडाची वाट नको पाहू."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. तसला पाना कॉटन मार्केटला कुठल्याही दुकानात मिळतो. दुसऱ्याच दिवशी आणायचं ठरवलं आणि आणला नाही. आज उद्या करत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात गाडी खोकायला लागली आणि मी तोंड वाकडं करून हुडकेश्वरला गेलो.

बाबारावांनी आवाज वळणावरूनच ओळखला होता. मी पोचलो तेव्हा पाना हातात घेऊन ते अंगणात उभे होते. प्लग खोलला, तारेच्या ब्रशने घासला, फुंकर मारली, टोकातली फट अंगठ्याच्या नखाने मोजली आणि परत बसवला. दहा मिनिटांचं काम. मी निघालो तर म्हणाले, "भाकर खाऊन जाय गा." मी नको म्हणालो. "भरीत आहे," ते म्हणाले, जणू माझ्या नको म्हणण्याचा तेवढाच अर्थ होता. मग बसलो.

पुढे ते ठरूनच गेलं. दर रविवारी दहाच्या सुमाराला मी जायचो. ते प्लग साफ करायचे, मी बाजूला बसून फडकं धरायचो. शेजारच्या तुळसाबाई भाकरी थापून द्यायच्या, भरीत नाहीतर झुणका बाबाराव स्वतः करायचे, मिरची हाताने मोजून. जेवताना ते बैलांच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या गावच्या बैलाने त्यांना हौदात ढकललं, कुठली म्हैस सुई पाहून रडायची. मी सहसा फार बोलत नाही, पण तिथे बोलायचो. साहेबांना शिव्या द्यायचो, पार्वतीबाईंच्या नळाच्या तक्रारी सांगायचो. सोमवारी पोस्टात माझा आवाज आता पहिल्या झटक्यात फुटायला लागला होता.

एवढं बोलणं होऊनही त्यांनी मला कधी माझ्या एकटेपणाबद्दल विचारलं नाही आणि मीही त्यांना नाही. देवकी नावाची मुलगी भिलाईला असते, जावई कारखान्यात आहे, एवढंच मला माहीत होतं. आमच्या मधे गाडी होती आणि बोलायचं ते तिच्याबद्दल.

सव्वीस जानेवारीला सुट्टी होती म्हणून वर्धा रोडने भटकायला गेलो. बुटीबोरीच्या अलीकडे गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. मी तासभर ती ढकलली. शेवटी एका ट्रकवाल्याने दया येऊन आपल्या पेटीतला पाना दिला. मी प्लग खोलला, घासला, बसवला. पाच मिनिटं लागली. काटा मधोमध आणला आणि एका लाथेत सुरू. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढं सोपं होतं तर मग रविवारी हुडकेश्वरला जायचं कशाला?

पण तासभर गाडी ढकलण्याची हौस कुणाला असते? दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केटमधून पाना विकत घेतला. घरी आणला आणि ट्रंकेत, आईच्या लुगड्याखाली लपवून ठेवला. त्याला बाहेर काढायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं. चव्वेचाळीस वर्षांचा, सरकारी नोकरीतला माणूस, आणि लपवतो काय, तर पाना.

रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. कधी कधी गाडी खोकायचं नाव घेत नसे. मग मी चोक ओढून धरायचो आणि सदरपासून हुडकेश्वरपर्यंत काळा धूर सोडत जायचो, म्हणजे प्लगवर काजळी धरावी. अजनीच्या चौकातला पोलीस मला बघून नाक दाबायचा. बाबाराव प्लग बाहेर काढून बोटाने चाचपायचे आणि म्हणायचे, "लय काळा झाला गा. गाडीची चूक नाही, वयाची आहे." मी म्हणायचो, "हो ना." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं खोटं होतं ते.

मे महिन्यात आमच्या ऑफिसातल्या ओमप्रकाशच्या मुलीचं लग्न रामटेकला होतं. लांबचा पल्ला, वर ऊन असं की रस्त्याचं डांबर टायरला चिकटावं. शुक्रवारी ट्रंकेतून पाना काढला आणि गाडीच्या अवजारांच्या पेटीत टाकला. शनिवारी संध्याकाळी परत आलो, अंघोळ केली, झोपलो. पाना पेटीतच राहिला.

रविवारी बाबारावांनी प्लग खोलायला घेतला. माझं फडकं रामटेकच्या लग्नात कुणीतरी पळवलं होतं. "थांबा, मी देतो," म्हणत मी घराकडे वळलो तोवर फडकं शोधायला त्यांनी पेटीचं झाकण उघडून आत हात घातला होता. त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. मग तो पाना घेऊन बाहेर आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने दोन्ही टोकं चाचपली.

"नवा आहे," ते म्हणाले.

"हो."

"कव्हा घेतला?"

परवा घेतला असं सांगता आलं असतं. रामटेकला जायचं होतं म्हणून घेतला, एवढं म्हणालो असतो तर निभावून गेलं असतं. पण तारखेच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, पोस्टातली वीस वर्षांची सवय आहे. "जानेवारीत," मी म्हणालो.

कडुलिंबाची निंबोळी टाकीवर पडली ती त्यांनी उचलून बाजूला टाकली. "मंग सांगितलं काहून नाही?"

काय सांगणार होतो? की प्लगसाठी नाही, तुमच्यासाठी येतो? की रविवार ते रविवार मी तुमच्या ओट्याची वाट बघतो? हे सगळं माझ्या ओठांवर होतं. ते बाहेर काढायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो, शाळेत चोरी सापडल्यासारखा. त्यांना वाटलं असेल की हा माणूस चार महिने आपली कीव करत होता. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून येत होता. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तरीही मी बोललो नाही.

त्यांनी माझ्याच पान्याने प्लग खोलला, साफ केला, बसवला. "चांगला आहे. माह्यापेक्षा बरा आहे," म्हणाले. मग पाना पुसून माझ्या हातात दिला. "सोय झाली. आता दावं तुमच्यापाशी आलं. भाकर झाली आहे, खाऊन जा, मनोहरराव."

सात महिन्यांत त्यांनी मला कधी राव लावलं नव्हतं. पोस्टात सगळे मनोहररावच म्हणतात, त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

आठवडाभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. पत्रं टाकताना, भात शिजवताना, नळावर. पुढच्या रविवारी बोलायचंच असं ठरवून निघालो. चोक ओढला नाही. वळणावर आलो तेव्हा अंगण रिकामं दिसलं. दाराला कुलूप होतं.

तुळसाबाई कुंपणापाशी आल्या. "बुधवारी गेले बाप्पा. देवकीचा नवरा आला होता घ्याले."

"केव्हा येणार?"

"आता कायचे येते? दोन साल झाले पोरगी बोलवून राहिली. आधी म्हणत, गाडीले कोण पाहीन? मंग तिनं गाडी विकाले लावली. मंग म्हणत, त्या पोट्ट्याले प्लग खोलता येत नाही, कुठी अडकला म्हणजे? माह्याशिवाय त्याचं भागत नाही म्हणत. आता म्हणाले, त्याच्यापाशी पाना आहे, मले थांबून काय करा लागते?" त्यांनी पदराआडून एक पुरचुंडी काढली. "हे तुमच्यासाठी देऊन गेले."

लाल दुपट्ट्याच्या तुकड्यात त्यांचा पाना होता. झिजलेला, गुळगुळीत, मधे अंगठ्याची जागा चमकणारा. मी खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. खुंटीला चार दावी लटकत होती. बापाच्या आणि आपल्या बैलांची दावी त्यांनी तशीच ठेवली होती. पाचवी जागा तेवढी रिकामी होती.

ओट्यावर बसलो आणि मला रडू आलं. तुळसाबाई तिथेच उभ्या होत्या, पण लाज वाटली नाही. मला वाटत होतं की मीच तिथे भीक मागायला जातो आणि माझं नाटक मोठं हुशारीचं आहे. तो म्हातारा पोटच्या मुलीला माझं कारण सांगत इथे बसून राहिला होता, हे मला कळलंच नव्हतं. दोघांनाही एकच हवं होतं. मी तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं.

तुळसाबाईंकडे देवकीचं जुनं कार्ड होतं. त्यावरून भिलाईचा पत्ता उतरवून घेतला.

त्या आठवड्यात मी पत्र लिहायला बसलो. दुसऱ्यांची लाखो पत्रं हाताळली, पण स्वतः लिहायला घेतलं तर मायन्यापाशीच अडलो. 'तीर्थरूप' हा शब्द मी फक्त वडिलांना लिहिला होता. शेवटी तोच लिहिला.

'तीर्थरूप बाबाराव यांस मनोहरचा साष्टांग नमस्कार. दोन्ही पाने पाठवत आहे. एक तुमचं दावं आहे, ते विकणाऱ्याकडेच राहतं असं तुम्हीच सांगितलं होतं. दुसरा मी जानेवारीत घेतला तो. तो घेतल्यानंतरही रविवारी येत होतो, ते गाडीसाठी नव्हतं. हे त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो. चोक ओढून मुद्दाम प्लग काळा करत होतो. माझ्याकडे आता एकही पाना नाही. देवकीताईंनी हे वाचून दाखवावं.'

पत्र आणि दोन्ही पाने त्याच लाल तुकड्यात गुंडाळले, डब्यात भरून तो कापडात शिवून घेतला, लाख लावली, रजिस्टर केलं आणि घेणाऱ्याची सही होऊन परत येणारं पोचेचं कार्ड जोडलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मनोहरराव, तुम्ही? कुणाला?" मी म्हणालो, "घरी."

दहा दिवसांनी सदरच्या चौकात गाडी खोकली आणि बंद पडली. मी ती ढकलत खोलीपर्यंत आणली आणि स्टँडवर लावली. समोरच मेकॅनिकचं दुकान होतं. त्याने हात वर करून विचारलं, खोलू का? मी नको म्हणालो. पार्वतीबाई म्हणाल्या, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे म्हणतो तो." मी त्यांनाही नको म्हणालो. त्यांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं.

दोन रविवार गाडी तशीच उभी होती. मी हात फिरवून ती पुसायचो, खरखर लागली की तिथे पुन्हा पुसायचो. सोमवारी माझा गळा पुन्हा खरखरायला लागला. भिलाईहून काही आलं नाही. मी मनाची समजूत घातली की म्हातारा माणूस लेकीच्या घरी सुखात असेल, नातवंडं असतील, त्याला काय पडली आहे. समजूत पटली नाही.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी भिलाईकडची थैली फोडली. पत्रं हातावरून सरकत होती. नागपूर, नागपूर, कामठी, नागपूर, काटोल. मग एक पोचेचं कार्ड आलं आणि माझा हात सवयीने कप्प्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यावर माझं नाव होतं. माझ्याच अक्षरात, माझाच पत्ता.

उलटून पाहिलं. सहीच्या जागी सही होती, वाकडी, रेघ सोडून वर गेलेली. नियमाप्रमाणे पोचेच्या कार्डावर सहीशिवाय काहीही लिहायचं नसतं. असलं कार्ड दिसलं तर मी चिडतो, नवीन पोरांना नियम ऐकवतो. या कार्डावर सहीखाली, सरकारी छापील ओळींच्या डोक्यावरून, मोठ्या रागीट अक्षरात लिहिलं होतं:

'गाडीले धक्का नको मारू. येऊन राहिलो. पाना एकच आणतो.'

मी ते तीनदा वाचलं. डबा फोडून पत्र ऐकेपर्यंत त्यांनी पोस्टमनला दारात थांबवलं असणार. कार्ड खिशात ठेवलं. साहेबांनी लांबून विचारलं, "काय झालं, मनोहरराव?" मी म्हणालो, "माझं पत्र आलं." आवाज इतका मोठा निघाला की चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

संध्याकाळी घरी जाताना आठवलं की बाबाराव माझ्या खोलीवर कधी आलेले नाहीत, आणि माझ्याकडे कप एकच आहे. सदरच्या बाजारात थांबलो आणि दुसरा घेतला.